मदत हवी आहे: ग्रंथालयाच्या सर्व्हरवर स्थिर आवृत्ती आणि वेळेवर अद्ययावतीकरण यांचा मेळ कसा घालावा?

नमस्कार.

मी तालुक्याच्या गावातील एका अनुदानित महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आमची देवघेव, ओपॅक (वाचकांसाठीची ऑनलाइन ग्रंथसूची) आणि दाखल नोंदवही कोहा या मुक्तस्रोत ग्रंथालय प्रणालीवर चालते आणि कोहा डेबियन १२ या लिनक्स कार्यप्रणालीवर बसवलेली आहे. संगणक विभाग वेगळा नसल्यामुळे सर्व्हरची देखभाल मीच करते. दोन प्रसंगांनंतर मला धोरण ठरवता येत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

पहिला प्रसंग डिसेंबर २०२४ मधला. सुरक्षा दुरुस्त्या घ्याव्यात एवढ्याच हेतूने मी एके दिवशी एपीटी अपग्रेड ही बसवलेली सर्व पॅकेजे अद्ययावत करणारी आज्ञा दिली. कोहाच्या भांडाराची (पॅकेजे जिथून उतरवली जातात त्या ठिकाणाची) जी ओळ मी सुरुवातीला यादीत घातली होती, तिच्यात आवृत्तीचा क्रमांक नव्हता, फक्त 'स्टेबल' हा शब्द होता. डेबियनमध्ये 'स्टेबल' म्हणजे प्रकाशनानंतर जिचे स्वरूप बदलत नाही अशी आवृत्ती, आणि तोच अर्थ मी इथेही गृहीत धरला. कोहाच्या भांडारात मात्र 'स्टेबल' म्हणजे त्या वेळची चालू आवृत्ती. नवी सहामाही आवृत्ती आली की तोच शब्द तिच्याकडे बोट दाखवू लागतो. त्यामुळे आमची प्रणाली २४.०५ वरून थेट २४.११ वर गेली. पॅकेज बसतानाच डेटाबेसची रचनाही नव्या आवृत्तीप्रमाणे बदलली गेली, त्यामुळे जुने पॅकेज पुन्हा बसवून मागे फिरण्याचा सरळ मार्ग उरला नाही. पडद्यांची मांडणी बूटस्ट्रॅप या वेबपानांच्या आराखड्याच्या नव्या आवृत्तीवर गेल्यामुळे देवघेवीच्या पानासाठी आम्ही लिहिलेली जावास्क्रिप्ट निकामी झाली, आणि ऐन सत्रपरीक्षेच्या काळात दोन दिवस पुस्तकांची नोंद वहीत करावी लागली. चूक माझीच होती, पण रांगेत उभ्या असलेल्या मुलांना त्याचा त्रास झाला, याचे मला अजून वाईट वाटते.

त्यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेले आणि कोहा-कॉमन हे कोहाचे मुख्य पॅकेज 'होल्ड'वर टाकले, म्हणजे त्याचे अद्ययावतीकरण रोखून धरले. तेव्हापासून दर महिन्याच्या देखभाल आवृत्तीतील दुरुस्त्याही येत नाहीत, आणि विद्यार्थ्यांचे पत्ते व दूरध्वनी क्रमांक असलेल्या प्रणालीच्या बाबतीत हे मला योग्य वाटत नाही.

दुसरा प्रसंग संगणक सुरक्षेच्या तपासणीचा. तपासणाऱ्या संस्थेने अहवालात लिहिले की सर्व्हरवरील ओपनएसएसएच (दुरून सर्व्हरवर प्रवेश देणारा प्रोग्राम) ९.२ ही आवृत्ती जुनी व धोकादायक असून ती ९.८ करावी. संदर्भ जुलै २०२४ मध्ये उघड झालेल्या ओपनएसएसएचमधील 'रिग्रेशन' या त्रुटीचा होता. माझ्या माहितीप्रमाणे डेबियनने ती दुरुस्ती ९.२ मध्येच मागे आणून बसवली, आणि आमच्या सर्व्हरवरील पॅकेजच्या आवृत्ती क्रमांकाच्या शेवटी 'डेब१२यू३' असे आहे. म्हणजे क्रमांक जुना, पण छिद्र बुजवलेले. प्राचार्यांना मात्र अहवालातील लाल रंगाची ओळ दिसते, आणि "नवी आवृत्ती का घेत नाही?" या त्यांच्या प्रश्नाला मला लेखी उत्तर द्यायचे आहे. बाहेरून ९.८ आणून स्वतः बसवले, तर पुढच्या प्रत्येक त्रुटीची जबाबदारी डेबियनच्या सुरक्षा चमूकडून निघून माझ्याकडे येईल, ही माझी मोठी भीती आहे.

सावकाश जाण्याचा फायदा मला पटतो. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या संकोचन साधनात लपवलेला चोरदरवाजा अँड्रेस फ्रॉइंड या संगणक अभियंत्याच्या लक्षात आला, तेव्हा ५.६.० आणि ५.६.१ या बाधित आवृत्त्या डेबियनच्या अस्थिर व चाचणी शाखांत पोहोचल्या होत्या, पण डेबियन १२ मध्ये ५.४ मालिका असल्यामुळे आमचे सर्व्हर त्यातून वाचले. तरीही 'जुने तेच सुरक्षित' असा नियम त्यातून काढणे मला धाडसाचे वाटते.

म्हणून माझा प्रश्न असा आहे: खालची कार्यप्रणाली संथ आणि वरची उपयोजना दर सहा महिन्यांनी बदलणारी असताना, एकाच माणसाच्या भरवशावर चालणाऱ्या ग्रंथालयाने अद्ययावतीकरणाचा क्रम कसा आखावा? आणि तपासणी संस्थेला कोणता पुरावा द्यावा?

प्रतिसाद

ताई, प्रश्न नीट मांडल्याबद्दल आभार. आमच्या महाविद्यालयातही हीच जोडी आहे, म्हणून अनुभवावरून लिहितो.

होल्ड काढा आणि भांडाराच्या ओळीत 'स्टेबल'च्या जागी २४.११ असा क्रमांक लिहा. मग त्या मालिकेतील मासिक दुरुस्त्या येत राहतील, पण पुढच्या मालिकेत उडी तुमच्या हुकमाशिवाय होणार नाही. त्या मालिकेचा आधार कधी संपतो याची तारीख मात्र कॅलेंडरात आधीच लिहून ठेवा, कारण क्रमांक लिहिलेला असला की आधार संपल्याची कोणी आठवण करून देत नाही. मोठी उडी आम्ही वर्षातून एकदाच, मे महिन्याच्या सुट्टीत, ना-देय प्रमाणपत्रांची गर्दी ओसरल्यावर घेतो. त्याआधी कोहा-डंप या आज्ञेने घेतलेली माहितीची प्रत दुसऱ्या एका जुन्या संगणकावर उतरवून तिथे देवघेव, दंड आणि आपले एसक्यूएल (डेटाबेसच्या प्रश्नभाषेतील) अहवाल तपासतो. प्रत घेतली एवढ्यावर समाधान मानू नका. ती उतरवून पाहिल्याशिवाय तिचा भरवसा धरता येत नाही.

डेबियनच्या सुरक्षा दुरुस्त्या रोज आपोआप बसू द्या. हे काम करणारे अनअटेंडेड-अपग्रेड्स हे साधन मूळ मांडणीत बाहेरच्या भांडारांना हात लावत नाही, त्यामुळे कोहा नकळत बदलत नाही.

तपासणीच्या बाबतीत तुमचे म्हणणे बरोबर आहे. डेबियनच्या सुरक्षा नोंदपटावर सीव्हीई-२०२४-६३८७ (हा त्या रिग्रेशन त्रुटीचा नोंद क्रमांक) उघडा. बुकवर्म, म्हणजे डेबियन १२, या नावासमोर दुरुस्त झालेली पॅकेज आवृत्ती दिसेल. ती आणि तुमच्या सर्व्हरवर बसवलेली पॅकेजे दाखवणाऱ्या डीपीकेजी या आज्ञेचे उत्तर शेजारी ठेवून पत्राला जोडा. नुसत्या क्रमांकावरून काढलेला निष्कर्ष तपासणारे सहसा मागे घेतात.

मूळ लेखिका

मनःपूर्वक आभार. ओळ बदलली असून दोन्ही नोंदी जोडलेले पत्र प्राचार्यांकडे आज दिले आहे. एक शंका उरते. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आले आहे आणि त्यात मारियाडीबी हा डेटाबेस १०.११ वरून ११.८ वर जातो. येत्या मे महिन्यात कोहाची मालिका आणि डेबियन दोन्ही एकाच सुट्टीत बदलावेत, की डेबियन १२ ला अजून आधार असल्याने या वर्षी फक्त कोहा घेऊन खालची पायरी पुढच्या वर्षासाठी ठेवावी? हा क्रम कोणी प्रत्यक्ष करून पाहिला असल्यास कृपया लिहावे.