‘फ्रीक्स आउट’ पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना दाखवावा का? मदत हवी आहे

गाब्रिएले मायनेत्ती यांचा ‘फ्रीक्स आउट’ (2021) हा इटालियन चित्रपट आमच्या सोसायटीतील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना दाखवण्याचा विचार आहे. मी तो पूर्ण पाहिला असून 1943च्या नाझीव्याप्त रोममधील सर्कशीतले चौघे, विशेषतः नुसत्या स्पर्शाने बल्ब पेटवणारी मातिल्दे, मुलांना आवडतील असे वाटते. दोन्ही हातांना सहा-सहा बोटे असलेला पियानोवादक खलनायक फ्रान्झ तर मला नायकांहून सरस वाटला. मात्र रक्तपात आणि लैंगिक प्रसंग मनात खटकतात. परीक्षणे वाचली, पण ती कल्पकतेवरच थांबतात. प्रसंग गाळणे मला पटत नाही, आणि ज्यूंच्या हद्दपारीची पार्श्वभूमी मी आधी सांगणारच आहे. ज्यांनी हा 141 मिनिटांचा चित्रपट या वयाच्या मुलांसोबत पाहिला, त्यांची मुले नेमकी कोणत्या प्रसंगांत अवघडली?