ओपन ऑफरचे पत्र आले आहे. शेअर द्यावेत की ठेवावेत? तातडीने मदत हवी आहे

शुक्रवारपेठकर
आमच्याकडे शेअर बाजारात नोंदलेल्या एका कंपनीचे ४०० शेअर बऱ्याच वर्षांपासून आहेत. ती कंपनी आता दुसऱ्या उद्योगसमूहाने घेतली असून लहान भागधारकांकडून ४१२ रुपये दराने शेअर घेण्याची ऑफर आली आहे. शाहूपुरीतील एका ब्रोकरकडे चौकशी केली, तर "तुमचे तुम्ही ठरवा" एवढेच उत्तर मिळाले. शेअर द्यावेत की ठेवावेत, इतकेच मला हवे आहे. मुदत थोडी आहे, त्यामुळे ज्यांना खरोखर माहिती आहे त्यांनीच लिहावे, ही विनंती.

राजारामपुरी_आठवी_गल्ली
साहेब, आपण दिलेल्या माहितीवर कोणीही जबाबदारीने उत्तर देऊ शकणार नाही. आज बाजारात भाव काय आहे, नव्या मालकाने प्रवर्तकांकडून (म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांकडून) किती टक्के हिस्सा घेतला आहे, ऑफर किती टक्क्यांसाठी आहे आणि ती कोणत्या तारखेला बंद होते, हे आधी लिहावे. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या २०११ च्या नियमांनुसार २५ टक्के किंवा त्याहून अधिक मतदानाचे हक्क मिळवणाऱ्याला उरलेल्या भागधारकांसाठी कंपनीच्या किमान २६ टक्के शेअरची ऑफर द्यावी लागते आणि ती १० कामकाजाचे दिवस खुली राहते. एकदा दिलेले शेअर या मुदतीत परत घेता येत नाहीत, म्हणून घाई नको.

उद्यमनगर_फौंड्री
मी स्पष्टच सांगतो, देऊ नका. मोठा समूह पैसे ओतून कंपनी घेतो, तेव्हा त्याला त्या कंपनीत पुढची वाढ दिसत असते. २०१९ मध्ये लार्सन अँड टुब्रोने माइंडट्रीच्या भागधारकांना ९८० रुपयांची ऑफर दिली होती. ज्यांनी शेअर ठेवले, त्यांना पुढील तीन वर्षांत तिपटीहून अधिक भाव पाहायला मिळाला. मी स्वतः तेव्हा शेअर ठेवले होते आणि आजही तोच सल्ला देईन.

मिरजकर_तिकटी
एका उदाहरणावरून नियम होत नाही. २०२२ मध्ये अदानी समूहाने एनडीटीव्हीसाठी २९४ रुपयांची ऑफर दिली, तेव्हा बाजारभाव बराच वर होता आणि ठेवा असे सांगणारे पुष्कळ जण होते. फेब्रुवारी २०२३ च्या अखेरीस तोच शेअर २०० रुपयांच्या खाली होता. उलट ज्यांनी ऑफरमध्ये शेअर दिले, त्यांना नंतर प्रति शेअर ४८.६५ रुपये जादा मिळाले, कारण समूहाने संस्थापकांचे शेअर ३४२.६५ रुपयांना घेतले. ऑफरनंतरच्या २६ आठवड्यांत अशा वाटाघाटीच्या व्यवहारात जास्त दर दिला, तर फरक सर्वांना द्यावा लागतो, असा नियमच आहे.

उद्यमनगर_फौंड्री
माइंडट्रीचा धंदा भक्कम होता, म्हणून भाव वाढला. आपण वाहिनीची तुलना सॉफ्टवेअर कंपनीशी करत आहात.

मिरजकर_तिकटी
अगदी बरोबर, आणि म्हणूनच धागाकर्त्याची कंपनी कोणत्या धंद्यात आहे, हे माहीत नसताना "देऊ नका" असे ठामपणे सांगणे मला योग्य वाटत नाही.

गंगावेस_सभासद
माझ्याकडे एका सहकारी साखर कारखान्याचे शेअर आहेत. कारखाना चालवायला दुसऱ्याकडे गेला, तर सभासदांनाही अशी ऑफर मिळते का?

राजारामपुरी_आठवी_गल्ली
नाही. सेबीचा हा नियम शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांनाच लागू होतो. सहकारी कारखान्याचा कारभार सहकार कायद्याखाली येतो, त्यासाठी वेगळा धागा काढावा.

शुक्रवारपेठकर
मूळ प्रश्न बाजूला पडत आहे. बाजारभाव ४३० च्या आसपास आहे. प्रवर्तकांचा ६० टक्के हिस्सा नव्या मालकाने घेतला असून ऑफर २६ टक्क्यांची आहे. ती पुढच्या आठवड्यात शुक्रवारी बंद होते. बाजारात १८ रुपये जास्त मिळत असतील तर ऑफर कशासाठी, हेही कोणी सांगावे. सर्टिफिकेट आईच्या कपाटात आहेत, ती ब्रोकरला नेऊन दिली की काम होईल ना?

राजारामपुरी_आठवी_गल्ली
सर्टिफिकेट म्हणजे शेअर अजून कागदी आहेत! हे पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते, कारण संपूर्ण उत्तर यावर अवलंबून आहे. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, त्यामुळे ४३० चा बाजारभाव आज आपल्या उपयोगाचा नाही. तो डिमॅटमध्ये (इलेक्ट्रॉनिक स्वरूपात) शेअर असणाऱ्यांसाठी आहे. ओपन ऑफरमध्ये मात्र कागदी शेअर देता येतात, तसे सेबीने ३१ जुलै २०२० च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे लोकांकडे ४० टक्के शेअर आहेत आणि ऑफर २६ टक्क्यांची आहे. सर्वांनी शेअर दिले तर प्रत्येकाचे १०० पैकी ६५ च घेतले जातील, म्हणजे आपले २६० जातील आणि १४० परत येतील. बाजारभाव वर असताना बहुतेक जण देणार नाहीत, त्यामुळे आपले सगळे ४०० स्वीकारले जाण्याची शक्यता अधिक आहे. सर्टिफिकेट कोणाच्या नावावर आहेत?

लक्ष्मीपुरी_करसल्लागार
कराचे कोणी लिहिलेले नाही, म्हणून सांगतो. ऑफर शेअर बाजाराच्या व्यवस्थेतून असेल, तर दीर्घ मुदतीच्या नफ्यावर वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही आणि त्यापुढे १२.५ टक्के आहे. जुन्या शेअरच्या खरेदी किमतीसाठी ३१ जानेवारी २०१८ चा भाव विचारात घेता येतो, त्यामुळे तो शोधून ठेवावा.

शुक्रवारपेठकर
पहिले नाव वडिलांचे आहे, ते आता हयात नाहीत, दुसरे नाव आईचे आहे. २०१९ च्या पुरात आमच्या घरात पाणी शिरले, तेव्हा ट्रंकेतील कागद भिजले होते. फोलिओ क्रमांक आणि कंपनीची उठावाची मोहर स्पष्ट दिसते, पण मागच्या बाजूच्या रकान्यांत शाई पसरली आहे. आईची सहीही आता पूर्वीसारखी येत नाही, हात कापतो. या सगळ्याचा ऑफरशी काय संबंध?

मिरजकर_तिकटी
दादा, सगळाच संबंध आहे. सही जुळली नाही तर रजिस्ट्रार, म्हणजे भागधारकांच्या नोंदी ठेवणारी संस्था, अर्ज नाकारतो. त्यासाठी आयएसआर-२ हा अर्ज असतो, त्यावर आईंचे खाते असलेल्या बँकेचा व्यवस्थापक सही प्रमाणित करतो. सोबत पॅन, पत्ता आणि बँकेच्या तपशिलासाठी आयएसआर-१ लागेल. वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्याची नोटरी केलेली प्रत घेऊन रजिस्ट्रारला आजच ई-मेल करा आणि नाव कमी करण्याचा अर्ज ऑफरच्या कागदांसोबत चालेल की आधी हवा, हे लेखी विचारा. भिजलेल्या सर्टिफिकेटचा फोटो त्याच ई-मेलला जोडा.

उद्यमनगर_फौंड्री
एवढी धावपळ करण्यापेक्षा ऑफर सोडून द्यावी, नाव कमी करून शेअर आईंच्या डिमॅटमध्ये आणावेत आणि मग बाजारात विकावेत. नवा मालक ७५ टक्क्यांच्या वर गेला, तरी वर्षभरात त्याला हिस्सा खाली आणावाच लागतो, म्हणजे शेअर लगेच बाजारातून नाहीसा होणार नाही.

राजारामपुरी_आठवी_गल्ली
आपला मार्ग चुकीचा नाही, परंतु हिस्सा खाली आणताना नव्या मालकाने शेअर विकले, तर त्याचा दबाव भावावरच येईल, हेही सांगायला हवे. आज १८ रुपयांचा फरक म्हणजे ४०० शेअरवर ७,२०० रुपये आहेत. डिमॅट होईपर्यंत भाव ४१२ च्या खाली गेला, तर तो फरक उलटा होईल. आईंना औषधपाण्यासाठी पैसे लागणार असतील तर द्यावेत. लागणार नसतील आणि कंपनीवर विश्वास असेल तर शांतपणे डिमॅट करावे. स्वतंत्र संचालकांच्या समितीने भावाबद्दल आपले मत ऑफर सुरू होण्यापूर्वी वृत्तपत्रात प्रसिद्ध केलेले असते, ते आधी वाचा.

शुक्रवारपेठकर
सर्वांचे आभार. समितीचे मत वाचले, त्यांनी भाव नियमानुसार रास्त असल्याचे म्हटले आहे. आईशी बोललो. तिला पैसे मुदत ठेवीत हवे आहेत, शेअरचा भाव रोज पाहायची तिची इच्छा नाही, त्यामुळे द्यायचे ठरले. बँकेत उद्या सकाळी सही प्रमाणित करून मिळेल. त्यानंतर काय करावे?

मिरजकर_तिकटी
एसएच-४ या हस्तांतरण अर्जावर आईंची तीच सही घ्या आणि सर्व कागद ब्रोकरकडे न्या. तो ऑफरमध्ये आपले शेअर देण्याची बोली नोंदवून पावती देईल. पावती, मूळ सर्टिफिकेट आणि बाकी कागद रजिस्ट्रारकडे मुदत संपण्यापूर्वी पोहोचले पाहिजेत, नुसते टपालात टाकून चालत नाही. कोल्हापुरातून मुंबईला स्पीड पोस्टने जायला दिवस लागतात, म्हणून सोमवारीच पाठवा आणि प्रत्येक कागदाची झेरॉक्स स्वतःकडे ठेवा.