सगळं वाचून येणारा मुलाखतकार

'लेखकाची मुलाखत घ्यायची तर नवं पुस्तक चाळलं तरी भागतं' असं काही जण म्हणतात; ते मला अजिबात पटत नाही. मायकेल सिल्व्हरब्लॅट ऐकून बघा. अमेरिकेत सांता मोनिकाच्या केसीआरडब्ल्यू रेडिओवर १९८९ ते २०२२ 'बुकवर्म' हा लेखकांच्या मुलाखतींचा कार्यक्रम त्यांनीच चालवला. आलेल्या लेखकाचं आधीचं लेखनही वाचूनच हा माणूस माईकसमोर बसायचा! १९९६ मध्ये अमेरिकन कादंबरीकार डेव्हिड फॉस्टर वॉलेसला त्यांनी सुरुवातीलाच विचारलं, की हजारावर पानांची 'इन्फिनिट जेस्ट' ही कादंबरी फ्रॅक्टलसारखी, म्हणजे लहान भागातही पूर्ण आकृतीचाच नमुना दिसावा अशी, रचली आहे का? वॉलेस चकितच झाला, कारण कादंबरीचा आधीचा खर्डा खरोखरच सिअरपिन्स्की त्रिकोणावर, म्हणजे त्रिकोणात लहान लहान त्रिकोण असलेल्या एका फ्रॅक्टलवर, बेतलेला होता. नुसतं चाळून हा प्रश्न सुचेल? निव्वळ त्या एका प्रश्नासाठी तरी ती मुलाखत ऐकाच.