जर्मन दिग्दर्शक मुर्नाउचा मूकपट ‘डेर यानुसकोप्फ’ (१९२०): पूर्ण प्रिंट मिळते का?

रीळवेडा: नेटवर या नावाने अख्खा चित्रपट दिसतोय. खरा आहे का?

डबा-क्रमांक-सात: नाही. पटकथा उरली आहे, प्रिंट एकही नाही. कथा स्टीव्हन्सनच्या जेकिल-हाइड या कादंबरीची (एकाच डॉक्टरची भली आणि बुरी रूपं), पण हक्क न घेता उचललेली. म्हणून नावं बदलून डॉ. वॉरन आणि ओ’कॉनर. मजकुराच्या पाट्यांवर ‘जेकिल’ दिसलं तर तो बहुधा त्याच वर्षीचा जॉन बॅरीमोरचा अमेरिकन चित्रपट. चेहरेही बघा: इथे दुहेरी भूमिकेत कॉनराड फाइट, आणि बटलर चक्क बेला लुगोसी, पुढचा ड्रॅक्युला!

रीळवेडा: आणि कुठे जुना डबा निघालाच तर?

नायट्रेटकाका: प्रोजेक्टरवर चढवू नका; तेव्हाची फिल्म नायट्रेटची, झटकन पेटते. फिल्म चिकट झाली असेल किंवा तपकिरी भुकटी पडत असेल तर उलगडूही नका, थर सोलून निघतो. डबा हवाबंद करू नका; आतला वायू कोंडला की सडणं वाढतं. थंड जागी ठेवून थेट फिल्म संग्रहालयाला कळवा. फिल्म किती वेळ चालेल याचा लांबीवरून अंदाज येतो: ३५ मिमीच्या मीटरभरात साडेबावन्न फ्रेम, म्हणजे ३०० मीटरचं रीळ सेकंदाला १८ फ्रेमने साडेचौदा मिनिटं चालतं. २४ ने चालवलंत तर अकरात संपेल, आणि फाइट धावत सुटेल.