मदत हवी आहे: होडीची 'उलांडी' हा शब्द आला कुठून?

मंडळी, मालवण-वेंगुर्ल्यापासून गोव्या-कारवारपर्यंतच्या लहान होड्यांना एका बाजूला पाण्यावर तरंगणारा लाकडी ओंडका असतो, त्याला उलांडी म्हणतात. हलकं लाकूड, पुढचं टोक निमुळतं केलेलं, आणि दोन आडव्या वाकड्या दांड्यांनी ते होडीला सुंभाने करकचून बांधलेलं. खिळा नाही! होडी अरुंद असल्यामुळे एरवी लाटेसरशी कलंडायची, ती या ओंडक्यामुळे सावरते.

माझा प्रश्न व्युत्पत्तीचा. मराठीत 'उलंडणे' म्हणजे उलटणे, कलंडणे. मग जी वस्तू होडीला उलंडू देत नाही तिचंच नाव उलांडी? की हे साम्य नुसतं कानाला वाटणारं? श्रीलंकेतही अशाच एका बाजूच्या ओंडक्याच्या होड्या आहेत आणि ही रचना मुळात आग्नेय आशियातल्या दर्यावर्दी लोकांची. त्यामुळे शब्द दक्षिणेकडून किनाऱ्या-किनाऱ्याने वर आला असेल, अशीही शंका येते. आपल्या दर्यावरच्या शब्दांचं तसं नवल नाही म्हणा; सुकाणू अरबी 'सुक्कान'वरून आलं, नाखवा फारसी 'नाखुदा'वरून.

कोकणी, कन्नड, तुळू किंवा मल्याळम जाणणाऱ्यांनी कृपया सांगा, तुमच्याकडे या ओंडक्याला काय म्हणतात? आणि त्या दोन आडव्या दांड्यांना तुमच्या गावात वेगळं नाव असेल तर तेही हवंय. घरी कुणी जुने खलाशी, तांडेल असतील तर त्यांना जरूर विचारा. शब्दकोशापेक्षा त्यांच्या तोंडचा उच्चार मला जास्त उपयोगी पडेल.