मदत हवी आहे: पूलांक यांच्या दोन पियानोंच्या कॉन्चेर्तोतील पहिल्या भागाची रचना

फ्रेंच संगीतकार फ्रान्सिस पूलांक यांच्या दोन पियानो व वाद्यवृंदासाठीच्या डी मायनर कॉन्चेर्तोवर (एकल वाद्ये व वाद्यवृंद यांची तीन भागांची रचना, १९३२) श्रवणसत्रासाठी टिपण लिहीत असून, पहिल्या भागाची रचना मांडताना अडलो आहे. सुरुवातीचे दोन कडाडते आघात, पाठोपाठ दोन्ही पियानोंची धावपळ, मध्ये संथ, गाता खंड आणि शेवटी, १९३१च्या पॅरिसमधील वसाहत प्रदर्शनात त्यांनी ऐकलेल्या बालीच्या गामेलानची (मुख्यतः धातूच्या आघातवाद्यांच्या वृंदाची) छाया असलेला, जवळजवळ जागीच फिरत राहणारा समारोप, एवढे कानाला स्पष्ट कळते. सोनाटाचा साचा (सुरावटींची मांडणी, विकास आणि पुनरागमन) लावून पाहिला, परंतु खरा विकासखंड सापडत नाही. त्रिखंडी (वेगवान-संथ-वेगवान) म्हणावे, तर समारोप बाहेर राहतो, आणि इतक्या वेगळ्या नादाला नुसती पुरवणी म्हणणे मला पटत नाही. मोत्सार्टच्या वळणाचे लार्गेतो (संथ दुसरा भाग) आणि अंतिम भाग यांविषयी अडचण नाही.

माझ्याकडे वाद्यवृंदाची पूर्ण स्वरलिपी नाही, त्यामुळे उत्तरात पृष्ठांकाऐवजी गतिबदलाची खूण दिल्यास सोयीचे होईल. संथ खंडानंतर परतणाऱ्या वेगवान संगीताला आरंभाचे पुनरागमन मानावे, की समारोपाकडे नेणारा केवळ दुवा?