प्रतिसाद: मयूरासन आणि गुलिस्तान महाल

तेहरानच्या गुलिस्तान महालात शहाजहानचं मयूरासन ठेवलंय असं वर कुणी लिहिलंय, ते बरोबर नाही. नादिरशहाने १७३९ मध्ये ते दिल्लीहून लुटून नेलं हे खरं. पण १७४७ मध्ये त्याचा खून झाला आणि पुढच्या अंदाधुंदीत ते नाहीसं झालं. आज इराणात ज्याला तख्त-ए-ताऊस (म्हणजे मयूरासनच) म्हणतात, ते इराणच्या काजार राजघराण्यातल्या फतह अली शहाने नंतर घडवून घेतलेलं. तेही आता महालात नाही, मध्यवर्ती बँकेच्या रत्नखजिन्यात आहे. दर्या-ए-नूर हिराही तिथेच.

महालात आवर्जून पाहावं ते याच शहाचं संगमरवरी तख्त. यझदच्या पिवळसर दगडाचे ६५ तुकडे जोडून केलेलं, खाली देव-पऱ्यांच्या मूर्तींचा आधार. (हे 'देव' म्हणजे तिकडचे राक्षस बरं का!) आरसेमहालाचं कमाल-उल-मुल्क या इराणी चित्रकाराने केलेलं चित्र तर अफाट आहे, आरशांतली प्रतिबिंबं रंगवताना त्या माणसाचं काय झालं असेल!

माझ्या मते मात्र खरा ठेवा तिथल्या जुन्या फोटोंचा. काजार घराण्यातल्याच नासिरुद्दीन शहाला कॅमेऱ्याचं भलतंच वेड, जनानखान्यातल्या बेगमांचे फोटोसुद्धा स्वतः काढायचा. २०१३ पासून महाल जागतिक वारसा यादीत आहे.